आईच्या पासबुकावर आपलं दुसरं नाव असेल तर

वडील गेल्यावर, २०१२ साली, मी मिशिगनहून सुट्टीवर नाशिकला आलो होतो. आई मला गंगापूर रोडवरच्या तिच्या बँकेत घेऊन गेली. "अरे, उद्या माझे हातपाय चालले नाहीत तर पैसे काढायला कुणीतरी हवं ना?" म्हणाली. मी फॉर्मवर सही केली आणि तिच्या खात्यावर माझं दुसरं नाव लागलं. त्या सहीमुळे दरवर्षी त्या खात्याची माहिती अमेरिकी सरकारला कळवणं मला बंधनकारक झालं होतं. हे कळायला मला आठ वर्षं लागली.

२०१६ मध्ये मी कायमचा परतलो. पासपोर्ट अमेरिकेचा, हातात ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते), नोकरी सातपूरला. इथला आयकर वेळेवर भरायचो. एका सल्लागारांनी सांगितलं, "इथे राहता, इथे कमावता, तिथे काय भरायचं?" मला ते पटलं. पण अमेरिका कर लावते तो नागरिकत्वावर, माणूस कुठे राहतो त्यावर नाही. ग्रीन कार्ड असणाऱ्यांनाही तेच लागू. तिथे बाळंतपण झालेल्या मुलीचं बाळ आज पंचवटीत आजीकडे वाढत असलं, तरी जन्माने ते अमेरिकी नागरिकच आहे. म्हणून आधी घरात असे कोण कोण आहेत ते मोजा.

मग एका रविवारी सगळी पासबुकं काढून बसा. आपल्या नावाची खाती, एफडी, पतसंस्थेतल्या ठेवी, पीपीएफ, सरेंडर व्हॅल्यू असलेली विमा पॉलिसी, डिमॅट, म्युच्युअल फंड. शिवाय जिथे आपलं दुसरं नाव आहे किंवा नुसता सहीचा अधिकार आहे, ती खातीसुद्धा. पैसे आईचेच आहेत, व्याज तिच्याच विवरणपत्रात जातं, या सबबी इथे चालत नाहीत. संयुक्त खात्याची पूर्ण रक्कम दाखवावी लागते, अर्धी नाही. शेती, घर आणि लॉकरमधलं सोनं थेट आपल्या नावावर असेल, तर ते या यादीत येत नाही.

प्रत्येक खात्यासमोर त्या कॅलेंडर वर्षातली सर्वात जास्त शिल्लक लिहा. जानेवारी ते डिसेंबर, आपलं एप्रिल ते मार्च नव्हे. सगळ्यांची बेरीज १०,००० डॉलरच्या वर गेली, तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांचा अहवाल भरायचा. अमेरिकी ट्रेझरीच्या (अर्थखात्याच्या) फिनसेन या विभागाचा हा फॉर्म ११४. डॉलर ८५ रुपये धरला तर ही मर्यादा साडेआठ लाख रुपये होते. निवृत्त शिक्षिकेची एफडीच तेवढी असते. एफडी मोडून पैसे बचत खात्यात आले, तर तीच रक्कम दोन्ही खात्यांच्या कमाल शिलकीत धरली जाते. हे मोजायला मी पहिल्यांदा चुकलो होतो. रुपयाचे डॉलर करताना अमेरिकी ट्रेझरीने जाहीर केलेला ३१ डिसेंबरचा दर वापरायचा.

फॉर्म ऑनलाइन आणि मोफत भरता येतो. मुदत १५ एप्रिल, ती आपोआप १५ ऑक्टोबरपर्यंत वाढते. यात कर शून्य असतो, निव्वळ माहिती द्यायची असते. कागद मात्र पाच वर्षं जपा.

कर लागतो तो अमेरिकी आयकर विवरणपत्रात. अमेरिकेबाहेर राहणाऱ्यांना त्यासाठी १५ जूनपर्यंत वेळ मिळतो. पगाराला मोठी सूट आहे, २०२५ सालासाठी १,३०,००० डॉलरपर्यंत. व्याज, भाडं, पेन्शन त्या सवलतीत बसत नाही. इथे भरलेल्या आयकराची वजावट तिथे मागता येते, म्हणून टीडीएसचे कागद हवेत. मोठी ठेव असेल तर विवरणपत्रासोबत परदेशी ठेवी-गुंतवणुकींची माहिती देणारा फॉर्म ८९३८ सुद्धा लागतो. अमेरिकेबाहेर राहणाऱ्या एकट्या माणसाला वर्षअखेरीस २,००,००० डॉलर ही त्याची मर्यादा आहे.

दोन गोष्टींनी मला सर्वात जास्त त्रास दिला. पीपीएफचं व्याज इथे करमुक्त, तिथे करपात्र. आणि दिंडोरीजवळची आमची वडिलोपार्जित द्राक्षबाग. शेतीचं उत्पन्न इथे माफ असल्यामुळे वजावट मागायला इथला करच नसतो, अमेरिका मात्र माझा हिस्सा उत्पन्नच मानते. तेव्हापासून भाऊ आणि मी सौदा पावत्या, औषधांची बिलं, मजुरीची वही जपून ठेवतो, कारण खर्च वजा करता येतो. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीचा खर्च एका वर्षात पडतो आणि मार्चमधल्या सौद्याचे पैसे पुढच्या वर्षात, हे आपल्या सीएला आधीच सांगा. इथले म्युच्युअल फंड तर शक्यतो टाळाच. ते तिकडच्या पीएफआयसी, म्हणजे नुसती गुंतवणूक करणारी परदेशी कंपनी, या प्रकारात मोडतात, आणि प्रत्येक फंडासाठी वेगळा फॉर्म ८६२१ लागू शकतो. एसआयपी मी बंद केली.

लपून राहील असं समजू नका. परदेशी बँकांकडून अमेरिकी खातेदारांची माहिती मिळवणारा अमेरिकेचा फॅटका कायदा २०१० चा, आणि भारताने त्याबाबतचा करार ९ जुलै २०१५ रोजी केला. बँक माहिती आपल्या आयकर खात्याला देते आणि तिथून ती पुढे जाते. केवायसीच्या कागदांत नागरिकत्व आणि करनिवासाचा जो प्रश्न असतो तो नीट वाचा. मला २०२० मध्ये त्याच प्रश्नाने जागं केलं. "नाशिकचा पत्ता आहे ना, 'नाही'वर टिक करा," असं कुणी म्हणालं तरी करू नका.

मागची वर्षं राहिली असतील तर घाबरून गप्प बसू नका. चूक जाणूनबुजून केलेली नसेल, तर अमेरिकेबाहेर राहणाऱ्यांसाठी स्ट्रीमलाइन्ड नावाची सोय आहे. मागच्या तीन वर्षांची विवरणपत्रं, सहा वर्षांचे एफबार, आणि आपल्याच शब्दांत कारण लिहायचा फॉर्म १४६५३. तीनपैकी एका वर्षी तरी ३३० दिवस अमेरिकेबाहेर काढलेले असावेत. दंड लागत नाही, कर आणि व्याज निघालं तर भरायचं. मी २०२१ मध्ये आईच्या खात्याची हकीकत जशीच्या तशी लिहून दिली. पतसंस्थेकडून जुने खातेउतारे मिळवायलाच दोन महिने गेले.

दंडाची धास्ती खोटी नव्हती. रोमानियात राहिलेल्या बिटनर या अमेरिकी नागरिकाला एफबारच्या पाच वर्षांतल्या खात्यांच्या २७२ नोंदींसाठी २७.२ लाख डॉलर दंड लावला होता. २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा दंड खात्यागणिक न धरता अहवालागणिक धरायचा असं ठरवलं आणि तो ५०,००० डॉलरवर आला.

गेल्या वर्षी आईला घेऊन पुन्हा त्याच बँकेत गेलो. एफडीवरून माझं दुसरं नाव काढलं आणि नॉमिनी म्हणून लावलं. नॉमिनीला ती हयात असताना पैसे काढता येत नाहीत, म्हणून त्या ठेवी एफबारमध्ये येत नाहीत. बचत खात्यावर मात्र नाव राहू दिलं, कारण तिची औषधं मीच आणतो. त्या एका खात्याची शिल्लक दर जानेवारीत वहीत लिहून ठेवतो.