ईमॅक्समध्ये कोणतं फंक्शन ऑप्टिमाइझ करायचं, हे कसं ठरवतो

ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरसाठी नव्याने पॅकेज लिहिणारे बरेच जण विचारतात, "नेटिव्ह कंपायलेशन आहेच, मग सगळीकडे स्पीड 3 लावून टाकू का?" स्पीड म्हणजे कंपायलरने कोड किती ऑप्टिमाइझ करायचा याची पातळी. माझं उत्तर एकच असतं: आधी वेळ कुठे जातोय ते बघा.

नेटिव्ह कंपायलेशन 2022 साली, ईमॅक्स 28 मध्ये आलं. ईमॅक्सच्या लिस्प भाषेतल्या कोडचं आधी बाइटकोड हे मधलं रूप होतं आणि त्यावरून लिबजीसीसीजिट ही लायब्ररी मशीन कोड बनवते. पण शोधणं, मजकूर घालणं, पडद्यावर रंगवणं ही कामं करणारा गाभा आधीपासूनच सी भाषेत आहे. त्याला या कंपायलरचा हातही लागत नाही. निम्मा निर्णय इथेच होतो.

मोजण्याआधी फाइल बाइट-कंपाइल करून लोड करा. बफर नुसता इव्हॅल्युएट केला की इंटरप्रिटेड (कंपाइल न झालेला) कोड चालतो, आणि मग भलतंच फंक्शन दोषी दिसतं. त्यानंतर 'प्रोफायलर-स्टार्ट' देऊन, जे काम अडखळतं तेच थोडा वेळ करत राहा आणि 'प्रोफायलर-रिपोर्ट' उघडा. वरच्या ओळींवर थांबू नका, फांद्या उलगडत शेवटपर्यंत जा. तळाशी री-सर्च-फॉरवर्ड असेल (ते रेगेक्सने, म्हणजे शोधाच्या नमुन्याने, मजकूर शोधतं), तर रेगेक्स सुधारा. ऑटोमॅटिक जीसी (नको झालेली मेमरी आपोआप मोकळी करणं) मोठं दिसलं तर कोड याद्या आणि स्ट्रिंगा फार निर्माण करतोय. लांबलचक ओळींची मराठी फाइल सरकवताना रीडिस्प्ले (पडदा पुन्हा रंगवणं) वर आला, तर जोडाक्षरं जुळवण्यासकट ते बहुतेक काम सीमध्ये चाललंय. तुमचं लिस्प कितीही घासलं तरी फारसा फरक पडणार नाही.

उरतात ती लिस्पमध्येच फिरणारी फंक्शनं: आकडेमोड, याद्यांवरची लूप, स्वतःला बोलावणारी छोटी फंक्शनं. कंपायलरचा खरा उपयोग इथे. त्यातलं एखादं पोस्ट-कमांड-हुकवर असेल तर ते प्रत्येक कमांडनंतर चालतं, म्हणजे टाइप करताना जवळजवळ प्रत्येक अक्षरामागे. ते प्रत्येक वेळी चालायलाच हवं का, हे आधी विचारा. हो असेल, तरच कंपायलरकडे वळा.

स्पीडची मूळ पातळी 2 असते. 3 वर कंपायलर त्याच फाइलमधलं फंक्शन दुसऱ्यात विरघळवू शकतो. मग कुणी त्या आतल्या फंक्शनला अ‍ॅडव्हाइस लावला, म्हणजे त्याचं वागणं बाहेरून बदललं, तरी तिथे तो लागू होत नाही. वापरणाऱ्याने हवं ते बदलावं यासाठीच तर ईमॅक्स आहे, म्हणून ही किंमत मला मोठी वाटते. संपूर्ण फाइलला 3 मी कधीच देत नाही. नावात दोन हायफन असलेल्या, केवळ अंतर्गत वापराच्या फंक्शनांनाच डिक्लेअरमध्ये (फंक्शनच्या सुरुवातीला कंपायलरला दिलेल्या सूचनेत) स्पीड 3 देतो, आणि जिथून त्यांना हाक जाते त्या अंतर्गत लूपलाही.

शेवटी स्पीड 2 आणि 3 ची दोन्ही रूपं बेंचमार्क-रनने तपासा. ते तीन आकडे देतं: एकूण वेळ, जीसी किती वेळा झालं आणि त्यात गेलेला वेळ. पहिल्यातून तिसरा वजा करून तुलना करा. फरक दिसला नाही तर ते डिक्लेअर काढून टाका.