जकुझीच्या पाण्यावर फेस का येतो आणि तो कसा घालवावा

जेट चालू केले की जकुझीत बुडबुडे येणारच. पण जेट बंद केल्यावर ते लगेच विरायला हवेत. पाच मिनिटांनीही कडेला पांढरा थर तरंगत असेल, तर पाण्यात साबणासारखं काहीतरी मिसळलेलं आहे. बाजारात फेस बसवणारं औषध मिळतं. थोडंसं टाकलं की थर जातो, पण कारण पाण्यातच राहतं आणि फेस परत येतो. म्हणून आधी कारण शोधा.

तीन पारदर्शक बाटल्या नुसत्या पाण्याने नीट विसळून घ्या. एकीत टबातलं पाणी, दुसरीत नळाचं आणि तिसरीत स्विमसूट खळबळलेल्या बादलीतलं पाणी अर्ध्यापर्यंत भरा. झाकण लावून जोरात हलवा आणि ठेवून द्या. नळाच्या पाण्यावरचे बुडबुडे पटकन फुटतात. स्विमसूटच्या बाटलीत फेस गळ्यापर्यंत चढून तसाच राहिला, तर चोर सापडला. वॉशिंग मशीनमधून निघालेल्या त्या ताणाच्या कापडात डिटर्जंट अडकून बसतं आणि गरम पाण्यात सुटतं. शॅम्पू, कंडिशनर, सनस्क्रीन आणि बॉडी लोशनही असाच फेस करतात. केसांचं खोबरेल तेल स्वतः फेस करत नाही, पण फिल्टर चिकट करतं आणि क्लोरीन खर्ची पाडतं.

मुंबईत याला आणखी एक कारण जोडलं जातं. पालिकेचं पाणी भातसा, तानसा, वैतरणा अशा धरणांत साठवलेलं पावसाचं पाणी, त्यामुळे ते मृदू, म्हणजे कमी क्षारांचं असतं. मृदू पाण्यात साबण चटकन फेसाळतो. बोअरवेलच्या टँकरचं पाणी बहुधा जड, म्हणजे जास्त क्षारांचं असतं, त्यात तेवढ्याच साबणाचा फेस कमी होतो.

आता टेस्ट स्ट्रिप पाण्यात बुडवून रंग पाहा. पीएच ७.२ ते ७.८, क्लोरीन किमान ३ पीपीएम (दहा लाख भागांत तीन भाग) आणि कॅल्शियम हार्डनेस, म्हणजे पाण्याचा जडपणा, साधारण १५० ते २५० पीपीएम हवा. हार्डनेस कमी असेल, तर पाकिटावरच्या मापाने कॅल्शियम क्लोराइड बादलीभर पाण्यात विरघळवून मग टबात ओता. पावडर पाण्यात टाकायची, पावडरवर पाणी ओतायचं नाही. विरघळताना ती बरीच तापते. क्लोरीन आणि इतर रसायनं कधीही एकत्र कालवू नका.

मग पंप बंद करून फिल्टर काढा आणि घड्या फाकवून पाण्याच्या धारेखाली धुवा. घरकामाला येणाऱ्या मावशींना किंवा सोसायटीच्या हाऊसकीपिंगवाल्यांना आवर्जून सांगा, की फिल्टरला साबण किंवा कपड्यांची पावडर लावायची नाही. नाहीतर पंप सुरू केल्यावर तो साबण थेट टबात येतो. तेलकटपणा जात नसेल, तर फिल्टर क्लीनरमध्ये रात्रभर भिजवून भरपूर पाण्याने धुवा.

फिल्टर परत बसवल्यावर शॉक ट्रीटमेंट द्या, म्हणजे एकदाच नेहमीपेक्षा बरंच जास्त क्लोरीन घाला. झाकण उघडं ठेवा, पंप चालू ठेवा आणि क्लोरीन नेहमीच्या पातळीवर उतरेपर्यंत कोणालाही आत उतरू देऊ नका. घाम आणि त्वचेवरच्या तेलाचा मळ यातून बराच निघतो. डिटर्जंट मात्र पुरता जाईलच असं नाही.

एवढ्यानेही फेस राहिला, तर पाणी बदला. उपसण्याआधी पाइप साफ करणारं औषध घालून जेट फिरवा, कारण पाइपच्या आत साचलेला बुळबुळीत थर नवं पाणीही खराब करतो. १२०० लिटरचा टब म्हणजे माणशी १३५ लिटरच्या निकषाने जवळपास नऊ जणांचं एका दिवसाचं पाणी. मे महिन्यात, पाणीकपात चालू असताना, ते गटारात सोडणं मला तरी पटत नाही. क्लोरीन पूर्ण उतरू द्या आणि त्याच पाण्याने पार्किंग धुवून घ्या.

नवं पाणी भरल्यावर घरच्यांना आणि पाहुण्यांना टबात उतरण्यापूर्वी अंघोळ करायला सांगा, केस धुवून साबण पूर्ण काढायला सांगा. टबासाठी एक स्विमसूट वेगळा ठेवा. तो मशीनमध्ये न टाकता नुसत्या पाण्यात खळबळून वाळत घाला.