वाडीतल्या घराचा पत्ता नकाशावर कसा टाकावा

आमच्या रत्नागिरीकडे पत्त्यात रस्त्याचं नाव कोणी घालत नाही, कारण रस्त्याला नावच नसतं. घर नंबर, वाडी, मुक्काम, पोस्ट, तालुका. पोस्टमन तेवढ्यावर दारात येतो. ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कुणालाही भर घालता येते अशा इंटरनेटवरच्या खुल्या नकाशावर, मात्र ‘स्ट्रीट’चा रकाना रिकामा दिसला की नवे लोक बेचैन होतात आणि साध्या पाखाडीचं (दगडी पायवाटेचं) ‘मंदिर रोड’ असं बारसं करून मोकळे होतात. कृपा करून ते करू नका.

आधी वाडी नकाशावर आहे का बघा. नसेल तर एक बिंदू पुरे: त्याला ‘प्लेस=हॅम्लेट’ (छोटी वस्ती) हा टॅग, म्हणजे माहितीची चिठ्ठी, आणि ‘नेम’मध्ये वाडीचं नाव. मी तो सहाणेपाशी ठेवतो. शिमग्यात पालखी तिथेच बसते, त्यामुळे वाडीचा मध्य कुठला यावर वाद होत नाही. नाव मात्र विचारून लिहा. वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानं डिसेंबर 2020 मध्ये घेतला. तुमच्या वाडीला नवं नाव लागलं असेल तर ‘नेम’मध्ये तेच. जुनं ‘ओल्ड_नेम’मध्ये राहू दे, म्हणजे जुन्या नावानं शोधणाऱ्यालाही वाडी सापडेल.

मग घर. ‘ॲडर:हाउसनंबर’मध्ये ग्रामपंचायतीचा घर क्रमांक. तो दारावरच्या पत्र्यावर असतो, नाहीतर घरपट्टीच्या पावतीवर. सातबाऱ्यावरचा गट नंबर टाकू नका, तो जमिनीचा. ‘ॲडर:प्लेस’मध्ये वाडीचं नाव आणि ‘ॲडर:पोस्टकोड’मध्ये पिनकोड. ‘ॲडर:स्ट्रीट’ला हात लावायचा नाही, एका पत्त्यात ‘प्लेस’ आणि ‘स्ट्रीट’ यांतलं एकच चालतं. (हे टॅग रोमन लिपीतच टाइप करायचे. ‘ॲडर’ म्हणजे ॲड्रेसची पहिली चार अक्षरं.)

सगळ्यात जास्त घोळ स्पेलिंगमध्ये होतो. बिंदूवर ‘वरचीवाडी’ आणि घरावर ‘वरची वाडी’ लिहिलंत, तर दोन्ही एकच हे शोधयंत्राला कळेलच असं नाही. बिंदूवरचं नाव कॉपी करून घरावर पेस्ट करा, सरळ.

‘मारुतीच्या देवळामागे’ ही खूण पत्त्यात कोंबू नका. देऊळच नकाशावर दाखवा. गावात घरं माणसांच्या नावानं ओळखली जातात हे खरं, पण राहणाऱ्यांची नावं नकाशावर नकोत.

रस्त्याला खरोखरच नाव नसेल तर त्याला ‘नोनेम=येस’ लावा, म्हणजे तपासणीची साधनं त्याला अपुरा म्हणणार नाहीत. पुण्यातल्या पेठांतल्या पत्त्यांनाही ‘ॲडर:प्लेस’च शोभतं. तिथे रस्त्याला नाव असलं, तरी घराचा जुना नंबर सदाशिव पेठेचा असतो, रस्त्याचा नव्हे.