गच्चीवर भाजी लावताय? एका वेळी एकच गोष्ट बदला

पुण्यात तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीत भाजी लावायला लागून मला सहा वर्षं झाली. नवीन सुरू करणारे लोक आधी विचारतात खत कोणतं घालू, मी सांगते आधी एक वही आणा, कारण महिनाभरापूर्वी कुठल्या कुंडीत काय घातलं होतं ते अजिबात आठवत नाही आणि तिथेच सगळं फिसकटतं. तारीख, कुंडीचा नंबर, काय केलं, काय दिसलं, एवढंच लिहायचं. फोटो काढा की, पण फोटोत शेणखत किती ओंजळी घातलं ते दिसत नाही.

आणि मग महत्त्वाचं म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदलायची. रोप पिवळं पडलं की जीव घाबरा होतो, एकाच दिवशी आपण पाणी वाढवतो, पेंड घालतो, नीम तेल मारतो आणि वर कुंडीपण सावलीत सरकवतो, मग रोप सुधारलं तर कशाने सुधारलं कळत नाही आणि मेलं तर कशाने मेलं तेही कळत नाही. म्हणून एका भाजीच्या किमान दोन कुंड्या ठेवा. एकीत बदल करायचा, दुसरीला हात लावायचा नाही, कितीही वाटलं तरी.

सुरुवात कोथिंबिरीपासून करा, खर्च जवळपास नाही आणि महिना-दीड महिन्यात काय ते समजतं. मी तीन टब घेतले होते, माती तीच, ऊन तेच. एकात अख्खे धणे, दुसऱ्यात लाटण्याखाली हलके रगडून दोन फोडी केलेले, तिसऱ्यात रगडून रात्रभर भिजवलेले. भिजवलेले आधी वर आले, रगडलेले मागोमाग, आणि अख्ख्यांच्या टबात सगळ्यात उशिरा आणि विरळ. हे नोव्हेंबरमधलं. तीच पद्धत एप्रिलमध्ये केली, पारा 38-40 च्या घरात, तर अर्धं उगवलंच नाही आणि जे उगवलं ते वीतभर व्हायच्या आत फुलावर गेलं. म्हणजे बियाणं चांगलं होतं, हंगाम चुकला होता, आणि हे मला नोव्हेंबरचं पान समोर होतं म्हणून समजलं, नाहीतर मी धण्यांना दोष देऊन मोकळी झाले असते.

टोमॅटोने मला सगळ्यात जास्त शिकवलं. फळं लिंबाएवढी झाली की बुडाला काळा, चामड्यासारखा चपटा डाग. मला वाटलं रोग आहे, दोनदा फवारणी केली, काही नाही. मग कुणीतरी म्हणालं कॅल्शियम कमी आहे, अंड्याची टरफलं चुरून घातली, तरी काही नाही (टरफलं कुजायला कित्येक महिने लागतात, त्या हंगामात त्यांचा उपयोग होतच नाही). वही चाळताना लक्षात आलं की मी आठवडाभर रोज पाणी घालत होते आणि शनिवार-रविवार गावी गेलं की कुंड्या कोरड्या ठणठणीत. कॅल्शियम पाण्याबरोबर फळापर्यंत जातं, पाणी तुटलं की मातीत असूनही पोचत नाही. मग एका कुंडीत वाळलेल्या पानांचं तीन बोटं जाड आच्छादन घातलं आणि शनिवार-रविवारसाठी शेजारच्या काकूंना पाणी सांगितलं (दोन्ही मिळून बदल एकच, ओल तुटू द्यायची नाही), दुसरी कुंडी होती तशीच ठेवली. आधीच्या डागाळलेल्या फळांचं काही झालं नाही, ती तोडूनच टाका, पण त्यानंतर धरलेली फळं पहिल्या कुंडीत स्वच्छ आली. पाणी घालण्याआधी मातीत बोट दोन पेरं खुपसून बघा, ओल लागली तर थांबा.

दुधीचं वेगळंच. वेल भरभरून फुलतो आणि इवली इवली दुधी पिवळी पडून गळतात, लोक खत वाढवत बसतात. फुलाच्या मागे बघा, बारीक लांब देठ असेल तर नर, देठाच्या जागी लवदार बोटभर दुधी असेल तर मादी. दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात, तेव्हाच नर फूल तोडून पाकळ्या मागे मुडपायच्या आणि मधला पिवळा भाग मादीच्या मध्यावर हळूच फिरवायचा. मी पाच मादी फुलांना असं करून लाल दोरा बांधला, पाच तशीच सोडली. दोऱ्याच्या पाचातली चार दुधी वाढली, बाकीच्या पाचातलं एक. खताचा प्रश्नच नव्हता, वर गच्चीत परागीकरण करणारे किडे कमी येतात. कारलं, काकडी यांची फुलं सकाळी उमलतात, त्यांना सकाळी करा.

मिरचीची पानं आकसली की आपण सरसकट बोकड्या म्हणतो, पण पान उलटं करून बघा. कडा वरच्या बाजूला वळल्या असतील तर बहुतेक फुलकिडे, खाली वळल्या असतील तर कोळी (जाळं विणणारा घरातला कोळी नव्हे, पानाचा रस शोषणारी अगदी बारीक कीड). नीम तेल लिटरला 5 मिली, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-चार थेंब, ऊन उतरल्यावर, आणि आधी एकाच फांदीवर मारा. दोन दिवसांनी ती फांदी करपली नाही तरच पूर्ण झाडावर.

भेंडीत जात बदलून बघण्यासारखी आहे. परभणी क्रांती ही जात परभणीच्या कृषी विद्यापीठाने केवड्याला, म्हणजे पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या रोगाला, तोंड द्यायला काढलेली, ती आणि तुमची नेहमीची शेजारी शेजारी लावा आणि पानांच्या शिरा कुठल्या झाडाच्या आधी पिवळ्या पडतात ते लिहा.

आणि रोप मेलं तर फेकण्याआधी मुळं धुऊन बघाच. तपकिरी, मऊ, वास येणारी असतील तर पाणी जास्त झालं किंवा कुंडीचं भोक बुजलंय. कुंडीच्या आकाराची गोल गुंडाळी झाली असेल तर कुंडी लहान पडली, टोमॅटोला किमान 12-14 इंची लागते. मुळांवर मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर सूत्रकृमी (मातीतले डोळ्यांना न दिसणारे कृमी), ती माती दुसऱ्या कुठल्याही कुंडीत मिसळू नका, मे महिन्यात गच्चीवर पातळ पसरून प्लास्टिक झाकून तापवा आणि पुढच्या हंगामात तिच्यात टोमॅटो-वांगी न लावता झेंडू लावा.