सरासरी काढताय? मग टूफिक्स्डला शेवटपर्यंत हात लावू नका

जावास्क्रिप्टमध्ये ०.१ आणि ०.२ मिळवले की ०.३०००००००००००००००४ येतात, हे तुम्ही क्लासमध्ये पाहिलंच असेल. त्याला घाबरू नका. ०.१ बायनरीत नेमका बसत नाही, एवढंच. ती शेपटी इतकी बारीक असते की दुकानाच्या हिशेबात तिने कुणाचं काही बिघडत नाही.

बिघडतं ते ती शेपटी लपवायच्या घाईत. मला पहिलं काम मिळालं बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या एका दुकानाचं: रोजच्या बिलांची सरासरी. आकडे नीटनेटके दिसावेत म्हणून मॅपमध्येच, म्हणजे प्रत्येक बिलावर आधीच, टूफिक्स्ड (ठरावीक दशांशांपर्यंत गोल करणारं फंक्शन) लावलं, आणि तिथेच फसलो. टूफिक्स्ड संख्या देत नाही, स्ट्रिंग देतं, म्हणजे नुसता मजकूर. १२.४ आणि ७.३ घ्या. टूफिक्स्ड(०) केलं की "१२" आणि "७" या स्ट्रिंग झाल्या. आता बेरजेसाठी रिड्यूस शून्यापासून सुरू करा: बेरीज होत नाही, आकडे एकमेकांना चिकटतात, "०१२७". भागिले २ करताना जावास्क्रिप्ट गुपचूप त्याची संख्या करतं आणि ६३.५ हातात ठेवतं. खरी सरासरी ९.८५! दोन दशांश ठेवले असते तर निदान एनएएन ("ही संख्याच नाही") तरी दिसलं असतं. इथे एरर नाही, लाल रेघ नाही, काही नाही. आणि नंबर() मध्ये गुंडाळून, म्हणजे परत संख्या करून, स्ट्रिंगचा घोळ मिटवलात तरी सरासरी ९.५ येते, कारण गोलाई आधीच झालेली. म्हणून आधी सगळी बेरीज, मग भागाकार, आणि गोल करायचं ते फक्त दाखवताना, एकदाच.

"चालसे, टूफिक्स्ड मार ने" म्हणणारे सिनिअर बडोद्यात ढिगाने भेटतील. चहा पाजा त्यांना, पण कोड त्यांचा घेऊ नका. (१.००५).टूफिक्स्ड(२) कन्सोलवर चालवून दाखवा, १.०१ नाही, १.०० येतं.

रक्कम असेल तर रुपयांत नको, सरळ पैशांत मोजा. फक्त १९.९९ गुणिले १०० म्हणजे १९९८.९९९९९९९९९९९९८ होतात, तेव्हा दशांश नुसते कापणारं पार्सइंट नको, जवळच्या पूर्णांकाला नेणारं मॅथ.राउंड. मग नव्वद लाख कोटी रुपयांपर्यंत बेरीज अचूक राहते. रावपुऱ्यातलं दुकान तिथवर पोचलं की पुढचं बघू.

आणि सुट्टीचा दिवस विसरू नका. बिलं नाहीत, ॲरे (बिलांची यादी) रिकामा, शून्य भागिले शून्य, आणि शेटच्या मोबाईलवर एनएएन. लेंग्थ शून्य असेल तर भागायच्या आधीच परत फिरा आणि त्या जागी नुसती आडवी रेघ दाखवा.