सीए आर्टिकलशिप: फर्म निवडण्यापासून नोंदणी आणि कामापर्यंत

इंटरमीजिएटचे दोन्ही ग्रुप सुटले की आधी सीए संस्थेच्या (आयसीएआय) आयसीआयटीएसएस या प्रशिक्षणाचे दोन्ही कोर्स, म्हणजे ओरिएंटेशन आणि आयटी, उरकून टाका. त्यांच्याशिवाय आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालचं प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण, सुरू होत नाही. १ जुलै २०२३पासूनच्या नव्या योजनेत आर्टिकलशिप दोन वर्षांची आहे. आधी ती तीन वर्षांची होती. शिकायला एक वर्ष कमी मिळणार, म्हणून फर्म नीट पारखून घ्या.

मुलाखतीत स्टायपेंड जरूर विचारा, पण त्याआधी ऑडिट, आयकर आणि जीएसटी या तिन्ही कामांना हात लावायला मिळेल का, ते विचारा. तिथल्या सध्याच्या आर्टिकल्सना (आर्टिकलशिप करणाऱ्या मुलांना) बाहेर चहाला गाठा आणि गेल्या महिन्यात काय काय केलं, एवढंच विचारा. उत्तर नुसतं 'डेटा एंट्री' आलं, तर दुसरी फर्म बघा. मोठ्या फर्ममध्ये कधीकधी वर्षभर एकच काम वाट्याला येतं. मला विचाराल, तर मी मध्यम फर्मच सुचवेन.

रुजू झाल्यापासून ३० दिवसांत आयसीएआयच्या पोर्टलवर फॉर्म १०३ भरून नोंदणी झालीच पाहिजे. प्रिन्सिपलना, म्हणजे ज्यांच्या हाताखाली शिकता त्या सीएंना, आठवण करायला लाजू नका, दोन वर्षं तुमची आहेत.

सुरुवातीला वाट्याला येतं व्हाउचिंग, म्हणजे हिशेबातल्या नोंदी बिलं-पावत्यांशी ताडून बघणं. त्याला कंटाळवाणं समजू नका. मला पहिल्याच आठवड्यात पेटी कॅशच्या (किरकोळ रोख खर्चाच्या) व्हाउचर्सचा गठ्ठा मिळाला होता. हमालीची सहा-सहा हजारांची दोन व्हाउचर्स, तारीख एकच, माणूसही एकच. एका दिवसात एकाच व्यक्तीला दहा हजारांवर रोख दिले, तर आयकरात तो खर्च वजा मिळत नाही, हे पुस्तकात वाचलं होतं. त्या दिवशी ते हातात दिसलं. म्हणून नुसत्या बरोबरच्या खुणा मारत सुटू नका. तारीख, सही, मंजुरी, जीएसटी क्रमांक बघा आणि शंका वहीत लिहा. ३१ मार्चला स्टॉक मोजायला कोणी हवं असेल, तर आपणहून जा. गोदामात पोती मोजली की ताळेबंदातला 'अखेरचा साठा' म्हणजे काय, ते पक्कं कळतं.

कंपनीत नोकरी करायची असेल, तर शेवटच्या वर्षात ९ ते १२ महिन्यांच्या इंडस्ट्रियल ट्रेनिंगचा पर्याय आहे. सुट्ट्या वर्षाला १२च, तेव्हा जपून वापरा. अभ्यासाची घाई नको: आर्टिकलशिप संपल्यावर सहा महिन्यांनी फायनलला बसता येतं.