पंप-मोटर संचाचा गुरुत्वमध्य कसा काढावा

एकाच बेडवर (पोलादी तळचौकटीवर) बसवलेला पंप आणि मोटर क्रेनने उचलायची वेळ आली की बरेचदा बेडची लांबी मोजून मधोमध खडूची रेघ ओढली जाते आणि हुक तिच्यावर आणला जातो. ती रेघ बेडचा मध्य दाखवते, वजनाचा मध्य म्हणजेच गुरुत्वमध्य नव्हे. मोटर जड असल्यास पंपाकडचे टोक आधी वर येते, मोटरकडचे जमिनीलाच टेकून राहते, आणि ते सुटताच सगळा संच गुरुत्वमध्य हुकाखाली येईपर्यंत झोका घेतो. त्या क्षणी जवळ उभ्या असलेल्या माणसाला बाजूला व्हायलाही वेळ मिळत नाही, म्हणून हे गणित स्लिंग (उचलण्याचा दोर किंवा पट्टा) बांधण्यापूर्वीच झालेले असावे.

पंपाकडचे टोक शून्य धरून सर्व अंतरे तेथूनच मोजावीत. वजने नेमप्लेटवरून किंवा उत्पादकाच्या ड्रॉइंगवरून घ्यावीत. बेडचे वजन चॅनल व प्लेटच्या मापांवरून, पोलादाची घनता घनमीटरला ७,८५० किलो धरून काढता येते. मोटरचा मध्य ठरवताना शाफ्ट आणि फॅन कव्हरसह पूर्ण लांबीचा अर्धा घेऊ नये, कारण तिचे बहुतेक वजन स्टेटर (स्थिर भाग) व रोटर (फिरणारा भाग) यांच्या गाभ्यात असते.

समजा, २,४०० मिमी लांबीच्या बेडचे वजन ६२० किलो असून त्याचा मध्य १,२०० मिमीवर आहे, ४८० किलोचा पंप ६०० मिमीवर आणि ९०० किलोची मोटर १,७५० मिमीवर आहे. प्रत्येक वजनाला त्याच्या अंतराने गुणून आलेल्या मोमेंटची बेरीज २६,०७,००० होते. तिला एकूण २,००० किलोंनी भागले की १,३०४ मिमी येतात, म्हणजे खडूच्या रेघेपासून १०४ मिमी मोटरकडे. रुंदीसाठीही रीत हीच आहे, आणि टर्मिनल बॉक्स (मोटरच्या वीजजोडणीची पेटी) एका बाजूला असल्याने ती टाळू नये.

शक्य असेल तेथे हे उत्तर वजन करून पडताळावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. २०० आणि २,२०० मिमीवर आधार देऊन त्यांखाली लोडसेल (भार मोजणारी उपकरणे) ठेवले आणि पंपाकडे ९००, मोटरकडे १,१३० किलो भरले, तर एकूण वजन २,०३० किलो आणि गुरुत्वमध्य १,३१३ मिमीवर ठरतो. वाढलेले ३० किलो बहुधा टर्मिनल बॉक्स, गार्ड, बोल्ट अशा यादीतून सुटलेल्या वस्तूंचे असतात.

उंची काढण्यासाठी मोटरकडचा आधार २०० मिमी वर उचलावा. तेथील भार ६१ किलोंनी घटला, तर गुरुत्वमध्य आधारांच्या पातळीपासून सुमारे ६०० मिमी वर आहे. उचलण्याचे कान (स्लिंग अडकवण्याच्या जागा) त्याहून खाली असतील, तर संच कलंडण्याचा धोका असतो. अर्धवट भरलेली तेलाची टाकी आधी रिकामी करावी, कारण तेल सरकले की गुरुत्वमध्यही सरकतो.

काढलेली जागा बेडच्या दोन्ही बाजूंना रंगाने खूण करून दाखवावी, हुक बरोबर तिच्यावर आणावा आणि संच १०० मिमी उचलून थांबावे. एक टोक खाली राहिल्यास संच परत टेकवून स्लिंगची लांबी बदलावी; हाताने किंवा पहारीने दाबून तो समतोल करू नये.